उलट्या खांद्यावरचं ठिगळ

उस्तिन्या आर्तीयेवाच्या हातचे बूट घातले नाहीत असं पाऊल रशियाच्या अगदी उत्तरेला, पोनोय नदीकाठच्या त्या गावात शोधून सापडलं नसतं. रेनडिअरच्या पायाचं कातडं, केस बाहेरच्या बाजूला, उंची गुडघ्यापर्यंत. पोर चालायला लागलं की पहिला जोड तिचा, आणि म्हातारं माणूस शेवटच्या वाटेला लागलं की पायांत जोड तिचाच. याचा तिला गर्व होता आणि तो ती झाकून ठेवत नसे. बर्फात उमटलेलं पाऊल दिसलं की वाकून बघायची आणि सोबतच्या बाईला सांगायची, "हा झाखार गेलाय इथून. डावी टाच झिजवतो मेला. मन वाकडं, मग चाल कुठून सरळ यायची?"

झाखार फिलिपोव हा तिचा शेजारी आणि तिच्या नवऱ्याचा लहानपणापासूनचा सोबती. त्यामुळे त्याला वाट्टेल ते बोलायचा हक्क तिनं स्वतःकडे घेतला होता, आणि परतफेडीत तोही मागं राहत नसे.

नवरा प्रोकोपी म्हणजे उशिराचा माणूस. स्वतःच्या लग्नाला तो दीड दिवस उशिरा पोचला. वाटेत कळपातली एक मादी व्यायला लागली, तिला तशीच टाकून कसा येणार, म्हणाला. तोवर पाहुण्यांनी माशाच्या सगळ्या रोट्या संपवल्या होत्या. पुढं बारा वर्षं संसार झाला, पण सांगितल्या दिवशी तो कळपाकडून परत आलाय असं एकदाही घडलं नाही. उस्तिन्या दार उघडायची आणि म्हणायची, "पुन्हा उशीर." तो टोपीवरचा बर्फ झाडत म्हणायचा, "वाटेत जरा वारं होतं." मग चहा व्हायचा. गावातली बाकीची जोडपी आठ-आठ दिवस भांडण पुरवून वापरत, यांचं दोन वाक्यांत उरकायचं. ती दोन वाक्यं साऱ्या गावाला पाठ होती.

एकोणीसशे एक्केचाळीसला जर्मनांशी लढाई लागली. मुर्मान्स्कच्या पश्चिमेला दगड आणि बर्फ यांखेरीज काही नाही. तिथं मोटार रुतते, घोडा उपाशी मरतो, चालतं ते फक्त रेनडिअर. म्हणून त्या हिवाळ्यात गावातली जनावरं गेली आणि त्यांना हाकणारे पुरुषही गेले. प्रोकोपी आणि झाखार एकाच पलटणीत होते. काम एकच, जाताना स्लेजवर तोफगोळे न्यायचे आणि येताना जखमी माणसं आणायची. बेचाळीसच्या एप्रिलअखेर प्रोकोपी पाच स्लेज भरून पश्चिमेकडे निघाला. दुसऱ्या दिवशी वादळ उठलं, ते चार दिवस शमलं नाही. झाखार युद्धानंतर पायाची दोन बोटं गमावून परत आला. प्रोकोपीचा कागद आला. त्यावर शब्द होता: बेपत्ता.

मेला असता तर निदान मेला म्हणाले असते. बेपत्ता म्हणजे ना इकडचा, ना तिकडचा. लोक म्हणू लागले, सीमेपलीकडेही रेनडिअरवालेच राहतात, त्यांचे बूटही आपल्यासारखेच असतात. थकलेला माणूस वीस जनावरं घेऊन तिकडे निघून गेला तर कोण बघणार? उस्तिन्याच्या तोंडावर हे कुणी बोललं नाही. पण सांगोवांगीला पाय फुटतात, आणि त्या गावात पाय म्हटला की बूट तिचेच. तिच्या मुलीनं शाळेच्या अर्जावर बापाच्या रकान्यात ‘बेपत्ता’ हा शब्द लिहिला तेव्हा मास्तर जरा वेळ तिच्याकडे बघत राहिले होते. उस्तिन्या प्रत्येकाला ठासून सांगायची, माझा माणूस उशीर करतो, पळून जात नाही. लोक मान हलवायचे. कुणाचं मन वळलं नाही.

आता पासष्ट साल उजाडलं होतं. विजयाला वीस वर्षं होणार म्हणून गावच्या क्लबात एक फळी लावायचं ठरलं. लढाईत पडलेल्या गावकऱ्यांची नावं लाल रंगात. गावाचा अध्यक्ष किरिल कानेव नावाचा पस्तिशीतला गडी होता. उस्तिन्या त्याच्या कचेरीत गेली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "किरिल, एकोणीस नावांत तुझी फळी संपली होय रे?"

"काकू, माझ्या हातात असतं तर..."

"हात तुझेच आहेत की. मी हातमोजे शिवलेत त्यांना, लहानपणी."

किरिलनं कागद पुढं सरकवला. "बघा ना तुम्हीच. शेवटचं पाहिलं ते पश्चिमेकडे जाताना. परत येताना कुणीच पाहिलं नाही. मी नाव लिहीन, उद्या कुणी विचारलं की हा मेल्याचं कशावरून, तर काय दाखवू?"

"आणि परत येताना पाहणारा कुणी निघाला तर?"

"तर मी स्वतः ब्रश घेऊन बसेन. पण तेवीस वर्षांनी कुठून निघणार काकू?"

उस्तिन्या तशीच घरी आली. त्या दिवशी तिनं शिवलेला जोड दोनदा उसवावा लागला.

विजयदिनाच्या आदल्या दिवशी मात्वेई सिनेमाचं मशीन घेऊन गावात आला. एका पायानं लंगडा, गावोगाव स्लेजवरून मशीन नेणारा, अठरा वर्षं हेच करणारा माणूस. या खेपेला त्यानं आणलेला सिनेमा म्हणजे युद्धकाळातल्या बातमीपटांचे तुकडे जोडून केलेली एक लांबलचक पट्टी होती, उत्तरेकडच्या आघाडीवरची. मे महिन्यात संध्याकाळीही ऊन हटत नाही, म्हणून क्लबाच्या खिडक्यांना घोंगड्या बांधल्या. सारं गाव दाटीवाटीनं बसलं.

सिनेमात माणसांचे चेहरे बघायचे असतात असं शहरातले लोक समजतात. हे गाव जनावरं बघतं. पडद्यावर तोफा उडाल्या, सेनापतींनी दुर्बिणी लावल्या, मागून भारदस्त आवाज शौर्याबद्दल बोलत राहिला, क्लबात जांभयांचा आवाज तेवढा येत होता. मग पडद्यावर रेनडिअर आले आणि सगळे सावरून बसले.

"तो ठिपकेवाला तेरेंतीचा."

"हट्, तेरेंतीच्याला शेपटापाशी काळं होतं."

"बरगड्या बघा बिचाऱ्याच्या. शेवाळ खायला घालत होते की तोफगोळे?"

इथं प्रत्येक घराची स्वतःची कानखूण असते. वासराच्या कानाला सुरीनं कापून केलेली ती खूण म्हणजे त्या घराचं आडनावच. आर्तीयेवांची खूण उजव्या कानाच्या शेंड्याला दुफाटा आणि डाव्या कानाला मागून खाच. फिलिपोवांची नेमकी उलटी, दुफाटा डावीकडे, खाच उजवीकडे. दोन्ही आजोबांनी एकत्र असलेला कळप वाटून घेतला तेव्हा नवी खूण शोधायचा कंटाळा केला, असं सांगतात. आणि नियम असा, की दुसऱ्याचं जनावर चारचौघांत आपलं म्हटलं, अगदी चुकून म्हटलं, तरी त्याला एक मादी वासरू द्यायचं. त्यामुळे माणूस तीनदा बघतो आणि मग तोंड उघडतो.

पडद्यावरचा आवाज म्हणाला, "एप्रिल एकोणीसशे बेचाळीस. आपले शूर रेनडिअर तोफगोळे घेऊन शत्रूच्या दिशेनं निघाले आहेत." उजवीकडून डावीकडे स्लेजची रांग निघाली, मागं एक काळा कडा. पहिली स्लेज अगदी जवळून गेली. कडेच्या जनावराचा डावा कान स्वच्छ दिसला: शेंड्याला दुफाटा. त्यानं मान झटकली, उजव्या कानामागची खाचही दिसली. हाकणारा पाठमोरा होता. शेवटी तो मागं वळला, स्लेजवर वाकून काहीतरी सारखं केलं, आणि रांग पडद्याबाहेर गेली. सगळं मिळून अकरा सेकंद.

झाखार उठून उभा राहिला. "माझी! डाव्या कानाला दुफाटा. माझीच जनावरं ती."

"बस खाली, तू काही पारदर्शक नाहीस."

"पण हाकणारा कोण म्हणायचा? बसलाय बघा कसा, उजव्या बाजूला. असं कोण बसतं?"

"शहरातला शिपाई असेल. घोड्यावरनं उतरवून स्लेजवर बसवलेला."

सगळे हसले. उस्तिन्या हसली नाही. तिनं त्या पाठीवरचं ठिगळ पाहिलं होतं.

त्या वसंतात तिनं प्रोकोपीसाठी केसाळ अंगरखा शिवून पाठवला होता. शिवताना कातडं हातभर कमी पडलं. दुसरं मिळेना, म्हणून डाव्या खांद्यामागं तिनं तपकिरी कुत्र्याच्या कातड्याचं ठिगळ लावलं. असलं काम तिनं आयुष्यात कधी केलं नव्हतं. लाज वाटून तिनं सोबत चिठ्ठी घातली, "पाठ कुणाला दाखवू नका." ते गाठोडं नेलं जनावरं न्यायला गावी आलेल्या झाखारनंच, आणि प्रोकोपी अखेरचा निघाला त्या सकाळी त्याच्या हातात ठेवलं. युद्धानंतर आल्यावर त्यानं तिला सांगितलं होतं, "लगेच अंगात घातला, वहिनी. ऊब आहे म्हणाला, आणि निघाला."

आणि आता ती पाठ सगळ्या देशाला दाखवून झाली होती. पण ठिगळ होतं उजव्या खांद्यावर. जनावरं झाखारची होती. बसणाराही भलत्याच बाजूला बसला होता. बाई, तुझे डोळे गेले, असं स्वतःलाच म्हणत ती घरी आली.

हात रिकामा असला की तिला चैन पडत नसे. चहा उकळेपर्यंत तिनं कातरकाम काढलं. बुटांसाठी तिच्याकडे भूर्जाच्या सालीचा एकच साचा होता. तो कातड्यावर ठेवायचा, डावा बूट कापायचा. मग तोच साचा पालथा घालायचा, उजवा कापायचा. चाळीस वर्षं हेच केलेलं. डावा कापून झाला, तिनं साचा पालथा घातला, आणि कात्री तशीच हातात राहिली. कान उलटा. बसणं उलटं. खांदा उलटा. माणसाची चूक एकदा इकडे होते, एकदा तिकडे होते. सगळ्या चुका एकाच बाजूला झाल्या तर ती चूक नसते, तो पालथा घातलेला साचा असतो. चहा चुलीवर तसाच ठेवून ती निघाली.

मात्वेई क्लबात बसून सूप पीत होता.

"मात्वेई, तुझी पट्टी उलटी आहे."

"मावशी, अठरा वर्षं मशीन चालवतोय. मी उलटी लावली असती तर अक्षरं उलटी आली असती, आवाज बंद झाला असता."

"तुझ्यावर कोण ओरडतंय? सगळी नाही, तेवढा रेनडिअरचा तुकडा. कापणाऱ्यानंच उलटा बसवलाय."

मात्वेईनं चमचा खाली ठेवला. तिचा चेहरा बघून त्यानं पट्टी काढली, दिव्यासमोर धरली आणि भिंगातून बघत बसला. मागच्या स्लेजजवळ एक शिपाई चालत होता. त्याच्या खांद्यावरच्या बंदुकीचा खटका डाव्या बाजूला होता.

"अशी बंदूक कुठल्याच फौजेत नसते," मात्वेई हळूच म्हणाला. मग जणू त्यानंच केलं असावं तसा ओशाळून सांगू लागला. "शहरात तुकडे जोडणाऱ्यांची एक रीत असते मावशी. नकाशात पश्चिम डावीकडे, शत्रू पश्चिमेला, म्हणून आपली फौज पडद्यावर डावीकडेच चालली पाहिजे. उजवीकडे चालली तर लोकांना वाटतं माघार घेतायत. चांगला तुकडा उलट्या दिशेचा निघाला की पालथा घालतात. त्यांना काय, रेनडिअर इकडून बघा नाहीतर तिकडून, रेनडिअरच."

"त्यांना," उस्तिन्या म्हणाली. "मला हा तुकडा सरळ करून दाखव. मला एकटीला नको, सगळ्यांना. झाखारला पुढच्या बाकावर बसव."

हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात. इथं मात्र आरशातलं चित्र पुन्हा आरशात धरल्याशिवाय काकण कुणाचं ते कळणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, फळीचा समारंभ व्हायच्या आधी, मात्वेईनं पट्टी पालथी घालून मशीनमध्ये लावली. आवाज बंद ठेवला. या खेपेला भारदस्त आवाज नव्हता, फक्त मशीनची घरघर. अक्षरं उलटी आली आणि गेली. मग रांग निघाली, डावीकडून उजवीकडे. हाकणारा आता डाव्या बाजूला बसला होता, माणसासारखा. कडेच्या जनावराचा उजवा कान दिसला, शेंड्याला दुफाटा.

झाखार उठला, त्यानं टोपी काढली. "माझी नाहीत," तो म्हणाला. "आर्तीयेवांची आहेत. काल सगळ्यांदेखत मी चुकीची खूण सांगितली. वासरू माझ्याकडून."

"वासराचं राहू दे भावजी," उस्तिन्या म्हणाली. "पाठीकडे बघा. डावा खांदा."

मात्वेईनं तुकडा पुन्हा लावला. झाखार बघत राहिला. "तो अंगरखा मी दिला," तो सगळ्यांकडे वळून म्हणाला. "ज्या सकाळी तो निघाला त्याच सकाळी. त्याआधी त्याच्या अंगावर हा नव्हता. म्हणजे ही तीच शेवटची फेरी."

किरिल बाकाच्या टोकाला बसला होता. तो अवघडून म्हणाला, "मला वाईट वाटतं काकू, पण तो प्रोकोपीकाका असला तरी जातोय की येतोय हे कसं कळणार? कॅमेरेवाला या बाजूला उभा असेल, नाहीतर त्या बाजूला."

"पुन्हा लाव," झाखार म्हणाला. तो लंगडत पडद्यापाशी गेला आणि मागच्या काळ्या कड्यावर त्यानं हात ठेवला. कडा त्याच्या बोटांवर उमटला. "याला आम्ही म्हातारीचं कुबड म्हणायचो. सगळा हिवाळा याच्याखालून ये-जा केलीय मी. जाताना हे कुबड उजव्या हाताला लागायचं, येताना डाव्या. आता बघा कुठं आहे. डाव्या हाताला. हा परत येतोय, किरिल. गोळे पोचवून परत येतोय."

"आणि शेवटी वाकतो ते बघा," उस्तिन्या म्हणाली. "मागं वळून कातडं सारखं करतो, कडा आत खोचतो. तोफगोळ्यांना कुणी पांघरूण घालतं का?"

मात्वेईनं न सांगता चौथ्यांदा लावलं. आता सगळ्यांना दिसलं. पाचही स्लेजवर माणसांच्या लांबीचं ओझं होतं, आणि प्रोकोपी थंडीत पडलेल्या कुणाच्या तरी गळ्याशी कातडं घट्ट करत होता. मागच्या बाकावरची एक म्हातारी रडायला लागली. तिचा धाकटा त्या आघाडीवरून परत आला नव्हता.

किरिल उठून रंगाचा डबा आणायला गेला. माणसं एकेक करून उस्तिन्यापाशी आली. कुणी खांद्यावर हात ठेवला, कुणी नुसतंच उभं राहून गेलं. तिनं सगळ्यांना मान हलवून वाट दिली. तिला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही होता. पण तेवीस वर्षं तिनं कुणाला न सांगितलेली एक गोष्ट होती. लोकांशी ती भांडायची की माझा माणूस पलीकडे गेला नाही, आणि रात्री पडल्या पडल्या तिला वाटायचं, गेला असला तर बरं. पलीकडे गेला असेल तर जिवंत असेल. कुणा दुसऱ्या बाईनं शिवलेले वाईट बूट घालून कुठंतरी फिरत असेल, आणि एक दिवस, उशीर झाला म्हणत, दारात उभा राहील. लोकांच्या ज्या बोलण्यानं तिचा जीव जाळला त्याच बोलण्यात तिनं आपली आशा लपवून ठेवली होती. आज तिनं स्वतःच्या हातानं ती उसवली. पळाला नव्हता तो. घरी यायला निघाला होता, जखमी माणसं घेऊन, आणि दुसऱ्या दिवशी वादळ आलं.

क्लब रिकामा झाला. किरिल बाहेरच्या खोलीत फळीवर विसावं नाव काढत होता, रंगाचा वास आत येत होता. उस्तिन्या पहिल्या बाकावर बसली होती.

"मात्वेई, एकदाच अजून. मग पट्टी गुंडाळून ठेव."

मशीन घरघरू लागलं. रांग डावीकडून निघाली. चार जनावरं, दुफाटा कान, तिचं ठिगळ. प्रोकोपी मागं वळला, वाकला, कातडं सारखं केलं, आणि पडद्याच्या उजव्या कडेला, घराच्या बाजूला, निघून गेला. पांढरा पडदा राहिला.

"पुन्हा उशीर," उस्तिन्या म्हणाली.

तिनं जरा वेळ थांबून बघितलं, पूर्वी थांबायची तसंच. दारापाशी झाखार टोपी हातात घेऊन उभा होता. त्याला वाटलं आपण बोलू नये, पण ते वाक्य तसंच अर्धं सोडून द्यायला त्याचं मन होईना.

"वाटेत जरा वारं होतं, वहिनी," तो म्हणाला.

उस्तिन्यानं डोळे पुसले आणि ती उठली. "चला भावजी," ती म्हणाली, "चहा टाकते. आणि येताना तो डावा बूट काढून आणा, टाच बदलायला झालीय."